गोव्याला जाऊ या, पण जुन्या बंदरात

गोव्याचे नाव काढले की आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. दारू, कॅसिनो, समुद्रकिनाऱ्यावरचा धिंगाणा. लेकी-सुनांना घेऊन तिथे कशाला जायचे? तरुण पोरे मित्रांबरोबर जाऊन येतात आणि नेमके तेवढेच पाहून येतात. आम्हाला मात्र वाटते की सोलापूरच्या कुटुंबाने गोवा एकदा तरी सवडीने पाहावा, आणि तोही नदीकाठचा गोवा. ज्या आदिलशाहीत आपला भुईकोट किल्ला चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून गेला, त्याच आदिलशाहीचे ते मोठे बंदर होते. अरबस्तान आणि इराणचे घोडे तिथे उतरत, दख्खनचे हाजी तिथून जहाजात बसत. महमूद गवानाने 1472 मध्ये ते बहमनी राज्यासाठी जिंकले, पुढे ते विजापूरकडे आले.

तीन दिवस पुरतात. विजापूर-बेळगाव मार्गे पणजी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते. फजरनंतर निघालात तर सकाळच्या शांततेत गोल गुंबज होतो. आधी राजधानी आणि मग तिचे बंदर, हा क्रम मुलांच्या डोक्यात पक्का बसतो. बेळगावहून चोर्ला घाटाने उतरायचे, पण अंधार पडण्याआधी. पावसाळ्यात तर हा घाट नकोच. रेल्वेने जायचे तर मिरजेला गाडी बदलावी लागते. 2025 पासून सोलापूरहून विमानही सुरू झाले आहे, मात्र निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहून घ्या. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचा सण असतो, ते दिवस टाळावेत.

मुक्काम पणजीत करा. फोंताइन्याश या जुन्या वस्तीत रंगीत भिंतींची, कौलारू छपरांची घरे आहेत आणि पायी फिरण्याजोग्या गल्ल्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आधीच मागा; जुन्या घरांचे जिने उभे असतात. मांडवीच्या काठावरचे जुने सचिवालय म्हणजे मूळचा आदिलशाहाचा वाडा. 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथे राहायला आले, आणि गोव्याची विधानसभाही 2000 पर्यंत तिथेच भरत होती. रात्री समोरच्या नदीत कॅसिनोच्या बोटी झगमगतात. मुले विचारतील. सांगून टाकावे आणि पुढे चालावे.

दुसरा दिवस पूर्ण जुन्या गोव्याला द्या. तिथली चर्चे आणि मठ 1986 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बॉम जेझूचे चर्च 1605 मध्ये पूर्ण झाले, भव्य से कॅथेड्रल 1619 मध्ये. ती प्रार्थनास्थळे आहेत, खांदे झाकलेले असावेत असा तिथला नियम आहे. आपल्या बायकांना त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. पण आम्ही मुलांना सगळ्यात आधी सेंट कायतानच्या चर्चजवळच्या एका एकट्या दगडी दरवाजापाशी नेऊ. आदिलशाहाच्या वाड्याचे एवढेच शिल्लक आहे. एके काळी व्हाइसरॉयही त्याच वाड्यात राहत होते. तिथून नदीकडे गेले की व्हाइसरॉयची कमान लागते. जहाजातून उतरलेला नवा व्हाइसरॉय तिच्याखालून शहरात शिरत असे. पुढच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन यावे. बंदर म्हणजे काय, हे बोटीतून मागे वळून पाहिले की कळते.

सेंट कॅथरीनच्या छोट्या चॅपेलपाशी मात्र थांबावे लागेल. 25 नोव्हेंबर 1510 ला, कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, अल्बुकर्कने शहर जिंकले आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. त्याने स्वतःच पोर्तुगालच्या राजाला तसे लिहून कळवले. पुढे आपल्या हाजींच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागू लागला. हे मुलांना सांगायचे की नाही? आमच्या मते दहा-बारा वर्षांच्या मुलाला सांगावे, पण तिथेच थांबू नये. आज त्या चर्चमध्ये मेणबत्ती लावणारी कोकणी बोलणारी बाई अल्बुकर्कची कोणी लागत नाही. आणि गोष्टीचा उरलेला भाग फोंड्यात आहे.

म्हणून तिसरा दिवस फोंड्याचा, आणि तो शुक्रवार आला तर उत्तमच. जुन्या गोव्यातले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे काही हुकतही नाही. फोंड्याची सफा मशीद 1560 ची. लहानशी, उतरत्या कौलांची, शेजारी दगडी तळे, आणि तळ्याच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे. त्याच वर्षी नदीपलीकडे पोर्तुगीजांनी धर्मन्यायालय बसवले. देवळे पाडली जात होती. त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश भक्तांनी रातोरात नदीपार आणला तो फोंडा महालातच, म्हणजे आदिलशाही मुलखात. मंगेशीचे देऊळ आणि ही मशीद आजही एकाच तालुक्यात आहेत. मुलांना दोन्ही ठिकाणे एकाच सकाळी दाखवता येतात.

राहिला जेवणाचा प्रश्न. गोव्यात बऱ्याच हॉटेलांत एकाच स्वयंपाकघरात डुकराचे मांसही शिजते, आणि चोरिस म्हणतात ते सॉसेज डुकराचेच असते. पाटी पाहून विश्वास ठेवू नका, विचारा. कोणी वाईट मानत नाही. सगळ्यात सोपे म्हणजे साध्या खानावळीतली मासळीची थाळी: भात, हुमण, किसमूर, सोलकढी. फक्त मासळी वेगळ्या तव्यावर तळतात का, तेवढे विचारून घ्या. सकाळी बेकरीतून गरम पोई आणावी. पणजीत जामा मशीद आहे, आसपासच्या हलाल खानावळींचा पत्ता तिथल्या नमाज्यांना विचारलेला बरा. आणि घरून निघताना शेंगाची चटणी व कडक भाकरीचा डबा घ्याच; मासळीचा वास न सोसणारे एक तरी माणूस प्रत्येक घरात असते.