अंथरूण, पाय आणि ग्राफिक्स कार्ड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातील एका मित्राने कांद्याच्या वखारीत दीड महिना गोणी उचलल्या, आलेले पैसे जपून ठेवले आणि एके दिवशी पुण्याला जाऊन तो संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. खोक्यावर ठळक अक्षरांत '४ जीबी' असे छापलेले. संध्याकाळी खोलीवर आम्ही पाच-सहा जण जमलो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम सुरू झाला. पण घोडेस्वार पडद्यावर असा चालू लागला की जणू प्रत्येक पावलागणिक घोड्याची परवानगी घेतो आहे! कार्ड होते जीटी ७३०. दुकानदार खोटे बोलला नव्हता. चार जीबी खरोखरच होते. त्या चार जीबींचा उपयोग किती, हे मात्र याने विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते. त्या संध्याकाळचा मित्राचा चेहरा आठवतो, म्हणून हा लेख.

कला शाखेच्या अंकात हा यंत्राचा विषय कशाला, असे आमचे प्राध्यापक म्हणतील. परंतु पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा गेम प्रसिद्ध केला. त्यात पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या यांचा उपयोग केलेला आहे. तेव्हा ही कलाच आहे, फक्त ती पाहण्यासाठी लागणारा पडदा जरा महाग पडतो, एवढे म्हणून पुढे जातो.

ग्राफिक्स कार्ड करते तरी काय? आपला नेहमीचा मॉनिटर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके दाखवितो; म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. चित्र सलग हलते आहे असे वाटावे म्हणून सेकंदाला ६० चित्रे हवीत. गुणाकार केला तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपके रंगवावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार मुकादमासारखा आहे. अवघड हिशेब तो चुटकीसरशी करील, पण चार एकर कांद्याची खुरपणी एकट्या मुकादमाने व्हायची नाही. तिथे शंभर बाया ओळीने बसाव्या लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती ओळ. जीटी ७३० च्या त्यातल्या त्यात बऱ्या प्रकारात असे ३८४ गणक आहेत. याच पिढीतल्या, २०१३ च्या जीटीएक्स ७७० मध्ये १५३६ आहेत.

आता गंमत पाहा. त्या घोडेस्वाराच्या गेमला किमान जे कार्ड सांगितले आहे, ते हेच जीटीएक्स ७७०, आणि त्याची स्मृती आहे अवघी २ जीबी. मग चार जीबीवाले मागे का पडले? गणक कमी हे एक कारण. दुसरे, आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला लगेच कळेल असे. विहीर केवढी आहे यावर भिजणे ठरत नाही; नळी किती इंची आहे यावरही ठरते. जीटी ७३० च्या डीडीआर३ प्रकारात स्मृतीतून सेकंदाला सुमारे १४ जीबी माहिती बाहेर येते. जीटीएक्स ७७० मध्ये २२४ जीबी. विहीर दुप्पट, पण नळी पंधरा-सोळा पट बारीक! दुकानात गेल्यावर 'किती जीबी?' या प्रश्नाआधी 'कोणती चिप, स्मृती कोणत्या जातीची, नळी किती बिटची?' हे विचारावे. जीबी हा आकडा मोठ्या अक्षरांत छापायला सोपा असतो, एवढेच.

नावावरही विसंबू नये. जीटी ७३० या एकाच नावाखाली २०१४ पासून तीन वेगवेगळे माल विकले गेले. जीटी १०३० चेही तसेच; आधी आलेला जीडीडीआर५ प्रकार चांगला, पण २०१८ साली त्याच नावाने डीडीआर४ चा आला आणि त्याची नळी जवळजवळ एक-तृतीयांशावर आली. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीचे २०२२ मध्ये आले. २०२४ मध्ये निघालेले ६ जीबीचे केवळ दोन जीबींनी कमी नाही, त्यात गणकही कमी आहेत आणि नळीही बारीक आहे. मात्र ६ जीबीच्या या कार्डाला ७० वॉटच वीज पुरते, आणि आमच्यासारख्यांना तोच त्याचा मोठा गुण ठरतो.

विजेचा हा मुद्दा मी मुद्दाम लांबवून सांगतो. कारण शहरातले जाणकार तो दोन वाक्यांत उरकतात. आपल्यापैकी बहुतेकांकडे आहेत ते कंपन्यांनी टाकून दिलेले जुने ऑफिसचे संगणक. त्यांतला एसएमपीएस बहुधा अडीचशे वॉटच्या आसपास असतो आणि त्यातून कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. मदरबोर्डावरील खाच स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देते. म्हणजे अशा संगणकात वायर न मागणारे कार्डच बसते. २०१९ चे जीटीएक्स १६५० यांतील बरेच नमुने आणि वर सांगितलेले ६ जीबीचे ३०५०. या दोन्हींसाठी कंपनी एकूण ३०० वॉटचा एसएमपीएस सुचविते, तेव्हा अडीचशेवर ती चालविताना बाकीचा भार कमी हवा. डबा अरुंद असेल तर बुटके कार्ड मागावे. नाही तर झाकण लागत नाही आणि संगणक वर्षभर उघडा राहतो. १३० वॉटच्या पुढची कार्डे घ्यायची, तर आधी चांगला एसएमपीएस घ्यावा. आरएक्स ६६०० ला कंपनी ४५० वॉटचा सुचविते, आरटीएक्स ३०६० ला ५५० चा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यावर '४५०' छापलेले असते; तो आकडा त्या डब्याच्या महत्त्वाकांक्षेचा असतो, ताकदीचा नव्हे. रात्री शेतीपंप सुरू झाले की दाब खाली-वर होतो, हे कर्जतकरांना सांगायला नको. यूपीएसवर ६०० व्हीए असे लिहिलेले असले, तरी तो बहुधा ३६० वॉटच देतो, हेही हिशेबात धरावे. आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा धुळीने भरलेला पंखा कार्डाला वाचवू शकत नाही. तापले की ते आपणहून वेग कमी करते. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने ते झाडावे. त्याला काही खर्च नाही.

पैसे अगदीच थोडे असतील तर कार्ड न घेणे हाही एक मार्ग आहे. २०२१ च्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरात चित्रे काढणारा भाग आतच असतो. तो साध्या रॅममधून पाणी ओढतो. म्हणून १६ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावाव्यात, नळ्या दोन होतात. जीटीए ५ त्यावर खुशाल खेळता येतो.

खरोखर कार्ड घ्यायचे झाले, तर नेहमीच्या १०८० च्या मॉनिटरसाठी माझे मत आरएक्स ६६०० च्या बाजूचे आहे. २०२१ चे, ८ जीबी, १३२ वॉट. त्याच घरातले आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसते. पण ते मदरबोर्डाशी चारच मार्गांनी बोलते आणि जुन्या बोर्डावर अडखळते. आपले बोर्ड जुनेच. इंटेलचे आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) १२ जीबी देते आणि आकर्षक आहे. मात्र रिसायझेबल बार ही सोय बोर्डात नसेल तर त्याचा वेग बराच पडतो. २०२५ ची आरटीएक्स ५०५० आणि ५०६० ही कार्डे ८ जीबीची आहेत. नवे मोठे गेम सर्वांत वरच्या दर्जाची चित्रे मागतात तेव्हा ८ जीबी अपुरे पडू लागते. मध्यम दर्जावर समाधान मानणाऱ्याला अजून ते पुरते. आम्ही मेसच्या भाजीत समाधान मानतो, तिथे पडद्यावरच्या गवताचे काय?

भावाबद्दल रुपयांचे आकडे देत नाही, कारण कार्डाचा भाव कांद्यासारखाच आहे. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा आणि इथेरियम या आभासी चलनाचे 'खाणकाम' यांमुळे कार्डे छापील किमतीच्या कितीतरी वर गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि खाणीत राबलेली कार्डे जुन्या बाजारात ओतली गेली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीने स्मृतीच्या चिपा पुन्हा महागल्या. अमेरिकेतला डॉलरचा भाव वाचून दुकानदाराशी भांडू नये. त्यात आपला १८ टक्के जीएसटी नसतो.

जुने कार्ड घेणाऱ्याने, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की शेजारच्या गावात, ते डोळ्यांसमोर चालवून पाहावे. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम खरी चिप कोणती ते सांगतो. जुन्या चिपेवर नव्याचे नाव चढविलेली कार्डे तो बऱ्याचदा पकडतो. मग अर्धा तास जड गेम चालू ठेवावा, पंख्याचा आवाज ऐकावा, तापमान पाहावे. बिल आणि अनुक्रमांक जुळवून घ्यावा. आणखी एक : जीटीएक्स १०५० टीआय, १०६० वगैरे दहाच्या मालिकेतील कार्डांना गेमसाठीची नवी सुधारणा एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबविली, सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. १६५० आणि १६६० त्यांत नाहीत, म्हणून थोडे जास्त पडले तरी तीच पाहावीत.

आमच्या मित्राने ते जीटी ७३० विकले नाही. विकून येणार तरी किती? 'व्हॅलोरंट' या गेमच्या कंपनीने सेकंदाला ६० चित्रांसाठी दिलेल्या यादीत याच कार्डाचे नाव होते, हे आम्हांला मागाहून कळले. तेव्हा सध्या तो तेच खेळतो, आणि बरा खेळतो. गोदड महाराजांच्या यात्रेच्या सुट्टीत त्याने पुन्हा काम धरले होते. या खेपेला पैसे जमले, तर आधी एसएमपीएस आणायचा असे ठरले आहे. आणि पुण्याला जाताना मलाही बरोबर घेणार आहे, एसटीचे भाडे माझे मी द्यायचे या अटीवर.