फोर्ट स्टिकीनच्या पोटातला माल

फोर्ट स्टिकीन हे नाव हडसन्स बे कंपनीच्या अलास्कातल्या एका जुन्या ठाण्याचं. जहाज मात्र कॅनडात, प्रिन्स रुपर्ट बंदरात, १९४२ साली बांधलेलं. ७,१४२ टनी आणि कोळशावर चालणारं. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या आणि ती तूट भरून काढायला एकाच नमुन्याची अशी जहाजं ब्रिटनसाठी धडाधड बांधली जात होती. देखणेपणाशी त्यांचा संबंध नव्हता.

२४ फेब्रुवारी १९४४ ला ते बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या १२४ विटा. कराचीला विमानं उतरवली गेली. युद्धात रिकामी जागा परवडत नाही, म्हणून तिथे कापसाच्या ८,७०० गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड आणि मासळीचं खत चढलं. कॅप्टन नेस्मिथ यांनी हरकत घेतली, पण ती कोणी जुमानली नाही. दोन नंबरच्या फाळक्यात खाली कापूस आणि वर स्फोटकं अशी रचना झाली.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. धोक्याचा लाल बावटा नव्हता. स्फोटकं आधी उतरवायची सोडून आधी दुसराच माल निघाला. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला. बंब आले, नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतलं गेलं, पण आगीचं मूळ सापडेना. एक अधिकारी म्हणे जहाज इथेच बुडवा, दुसरा म्हणे समुद्रात न्या. निर्णय कुणीच घेतला नाही. मला आगीपेक्षा ते दोन तास जास्त अस्वस्थ करतात.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, साडेचारनंतर दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर या स्फोटांची नोंद झाली. सिंधिया कंपनीच्या ‘जलपद्मा’चा मागचा भाग उचलला जाऊन शेडवर आदळला. शेकडो माणसं मेली, त्यांत ६६ अग्निशामक जवान होते. देशभरातला अग्निशमन सप्ताह म्हणूनच १४ एप्रिलला सुरू होतो. सोन्याच्या विटा मात्र पुढे कित्येक वर्षं, अगदी १९७० च्या दशकातही, बंदराच्या गाळातून निघत होत्या.