आईबाबा अभ्यास घेतात तेव्हा

पालकांनी लक्ष घातलं की मुलांचे गुण वाढतात, हे पालकसभेत इतक्यांदा ऐकवलं जातं की त्याचा पुरावा कुणी मागतच नाही. पुरावा आहे, पण तो ‘रोज अभ्यास घ्या’ इतका सरळ नाही.

शिकागो विद्यापीठातल्या सायन बायलॉक, सुझन लेव्हिन, एरिन मॅलोनी आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीतल्या ४३८ मुलांचं गणित शालेय वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासलं. गणिताची तुम्हाला स्वतःला किती धास्ती वाटते, असं पालकांनाही विचारलं. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धास्तावलेल्या पालकांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षाअखेर स्वतःही गणिताला जास्त घाबरू लागली. पण हे घडलं ते फक्त जिथे असे पालक वारंवार गृहपाठ घ्यायला बसत, तिथेच. वहीपासून लांब राहिलेल्यांच्या मुलांना ही झळ बसली नाही. वाचनातही असा परिणाम दिसला नाही, त्यामुळे ‘घरात मुळात अभ्यासाचं वातावरणच नसेल’ ही पळवाट बंद होते.

असं का व्हावं? ४७ आणि ३८ यांची बेरीज करताना १५ मधले ५ मांडायचे आणि हातचा १ डोक्यात धरून ठेवायचा. हा हातचा जिथे राहतो, त्या कार्यस्मृतीत जागा मोजकीच असते. ‘आता चुकलं तर आई ओरडेल’ हा विचारही तीच जागा खातो. त्यात शाळेत काड्यांचे गठ्ठे करून दशक समजावलेलं आणि घरी ‘हे काय नवीन? आमच्या पद्धतीने कर!’ शिवाय ‘गणित माझ्याही डोक्यात कधी शिरलं नाही’ हे दिलासा म्हणून बोललेलं वाक्य मुलाला मात्र भविष्यवाणीसारखं ऐकू येत असेल, असं मला वाटतं.

अर्थात, अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलालाच घरी जास्त मदत मिळते. त्यामुळे मदत आणि कमी गुण एकत्र दिसले म्हणून मदतीनेच गुण घसरले, असं म्हणता येत नाही. शिकागोत सुरुवातीची पातळी मोजली होती म्हणून त्या निष्कर्षाला वजन आहे, पण तोही नियंत्रित प्रयोग नव्हता. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये मधल्या इयत्तांवरचे ५० अभ्यास एकत्र करून पाहिले. तिथेही गृहपाठातल्या मदतीचा ठोस फायदा दिसला नाही. यशाशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते शिक्षणाबद्दलच्या अपेक्षा, त्याचं मोल आणि पुढचे बेत यांवर घरात होणाऱ्या बोलण्याचं.

मग आईला स्वतःलाच वाचता येत नसेल तर? मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या रुक्मिणी बॅनर्जी आणि अर्थतज्ज्ञ जेम्स बेरी, मार्क शॉटलंड यांनी हे बिहार आणि राजस्थानच्या गावांत प्रयोगानेच तपासलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं विभागली. कुठे आयांसाठी साक्षरता वर्ग भरवले, कुठे दर आठवड्याला घरी जाऊन मुलासोबत करायचे उपक्रम दिले, कुठे दोन्ही. मुलांच्या गणितात सुधारणा झाली. छोटी, पण निश्चित. आयांचं स्वतःचं शिकणंही वाढलं. मुलाचा अभ्यास ‘घेणं’ यातल्या बहुतेक जणींना शक्यच नव्हतं. त्या त्याच्यासोबत बसल्या, इतकंच.