'मूड-आय' संपतो तेव्हा...

डिसेंबरचा शेवट जवळ आला, की कांजूरमार्गला उतरणारी गर्दी एकदम तरुण होते! कुणाच्या पाठीवर गिटार, कुणाच्या गळ्यात ढोलकी आणि स्लो लोकलच्या डब्यातच डायलॉगची उजळणी. स्टेशनबाहेर रिक्षांमध्ये कोंबून ही सगळी वरात निघते पवईला, आयआयटीच्या 'मूड इंडिगो'ला!

१९७१ मध्ये सुरू झालेला हा फेस्टिव्हल. नाव ड्यूक एलिंग्टनच्या १९३० च्या जॅझ ट्यूनवरून. २००९ च्या डिसेंबरमध्ये 'पॉर्क्युपाइन ट्री' हा ब्रिटिश बँड इथे वाजवून गेला. मोठ्या स्टेजवरच्या अशा रात्रींची चर्चा फार होते.

पण आमच्यासारख्यांना विचाराल, तर खरी मजा दुपारच्या उन्हात होती... पथनाट्यात. ना माइक, ना लाइट्स, ना पडदा. रिंगण करायचं, ढोलकीवर थाप मारायची आणि ओरडून लोक जमवायचे. समोरचा कॅन्टीनकडे निघालेला असतो. पहिल्या मिनिटात त्याचे पाय थांबले नाहीत, तर तो गेलाच! चारही बाजूंना प्रेक्षक, म्हणजे कुणाकडे तरी पाठ होणारच. मग आवाज पोटातून काढायचा, फिरत राहायचं आणि आपलं वाक्य संपलं तरी दुसऱ्याच्या वाक्यावर कान ठेवायचा. महिनाभर घसा फोडून तालीम आणि नाटक संपणार काही मिनिटांत. बक्षीस? मिळालं तर मिळालं!

आज मीटिंगमध्ये समोरचे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, तेव्हा तो सराव कामी येतो, हे खरं. पण फेस्टचा हिशेब तेवढ्यावरच मिटवायचा का? तिथे आपण एक गोष्ट फक्त आवडते म्हणून जीव तोडून करत होतो. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी कॉलमच नाही, म्हणून नोकरी लागल्यावर पहिली सुटली तीच. ग्रुपमधले सगळे 'बिझी' आणि ढोलकी माळ्यावर!

स्टेज मात्र संपलेलं नाही. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेत दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करणारी माणसंच तर उतरतात.

तेव्हा या डिसेंबरला पथनाट्याच्या रिंगणाभोवती जरा उभे राहा. आणि परतताना जुन्या ग्रुपवर एकच मेसेज टाका : 'रविवारी भेटायचं?' दहापैकी तिघं आले तरी सुरुवात होते. ढोलकी माळ्यावरून कोण काढतंय, तेवढं ठरवा!