नेहमीच्या शब्दांनी फोडलेला घाम

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश घडत होता, तेव्हा संपादकांना सर्वांत जास्त छळलं ते साध्या शब्दांनी.

१८७९ साली जेम्स मरे यांनी हे काम अंगावर घेतलं. लंडनच्या सीमेवरच्या मिल हिल इथल्या शाळेत ते शिक्षक होते. शाळेच्या आवारात त्यांनी लोखंडी पत्र्याची शेड उभारली आणि तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असं भारदस्त नाव दिलं. आधीच्या वीसेक वर्षांत हौशी वाचकांनी पुस्तकांतून उतरवून पाठवलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्या तिथे पोत्यांतून येऊन पडल्या. वजन सुमारे दोन टन. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात पिल्लांसह नांदणारी उंदरीण. ‘एच’ अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत, फ्लॉरेन्सला जाऊन बसल्या होत्या. ‘पीए’पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या, त्यांतल्या बऱ्याचशा आग पेटवण्यात खपल्या होत्या.

हे सगळं निस्तरता येण्यासारखं होतं. खरं भगदाड चिठ्ठ्या लावायला घेतल्यावर दिसलं. ‘अब्यूझन’ या कधीच मागे पडलेल्या शब्दाची सुमारे ५० अवतरणं हाताशी होती आणि रोजच्या वापरातल्या ‘अब्यूज’ची पाचसुद्धा नव्हती! वाचकांनी कामचुकारपणा केला नव्हता. उलट, फार मन लावून वाचलं होतं. पण माणसाचं लक्ष वेधतं ते नवलाचं, आणि पानोपानी भेटणारा शब्द कुणाच्या नजरेतच भरत नाही. मग त्या साध्या शब्दांचा माग काढण्यात मरे आणि त्यांच्या सहाय्यकांचे तासन्‌तास गेले. वाचकांना पाठवलेल्या नव्या आवाहनात मरे यांनी मुद्दाम लिहिलं, नेहमीच्या शब्दांचीही अवतरणं पाठवा. कोशाच्या सगळ्या इतिहासात मला ही सूचना सर्वांत मोलाची वाटते.

पुढे १९१९-२० मध्ये याच कोशावर एका तरुण सहाय्यकाने काम केलं. त्याचं नाव जे. आर. आर. टॉल्कीन. त्याच्या वाट्याला ‘डब्ल्यू’मधले शब्द आले – वॉर्म, वॉस्प, वॉटर, विंटर. ऊब, गांधीलमाशी, पाणी, हिवाळा. ‘वॉलरस’च्या व्युत्पत्तीचे मसुदे तर त्याने पुन्हा पुन्हा लिहिले. आयुष्यात तेवढ्याच काळात इतकं दुसरीकडे कुठे शिकलो नाही, असं त्यानेच पुढे म्हटलं आहे. अलीकडच्या काळात पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ हे क्रियापद नव्याने तपासायला घेतलं. त्यात नऊ महिने गेले आणि अर्थ निघाले ६४५.

साधं, सगळीकडे दिसणारं असं काही सांगणाऱ्या शब्दांचीही कुळकथा अशीच खोल आहे. ‘बनाल’ आला फ्रान्सच्या सरंजामी गावातून. तिथे जमीनदाराची गिरणी आणि भट्टी असे, आणि दळण-भाजण तिथेच करण्याची कुळांवर सक्ती असे. जे सगळ्यांना सामाईक ते बनाल. तिथून ते झालं ‘चावून चोथा झालेलं’. ‘रन-ऑफ-द-मिल’चीही गिरणीच, पण कारखान्याची, प्रतवारी न करता जसा निघाला तसा माल. ‘युबिक्विटी’ सोळाव्या शतकातल्या धर्मवादात गाजली. ख्रिस्ताचा देह एकाच वेळी सर्वत्र असू शकतो का, यावर ल्यूथरपंथी आणि त्यांचे विरोधक भांडत होते. तिच्याच घराण्यातला ‘युबिक्विटस’ आज मोबाइलला लागतो. ‘प्रेव्हलंट’चा जुना अर्थ बलवान, वरचढ ठरलेला. आता तो साथीच्या रोगांच्या अहवालांत दिसतो.

यांतला कुठला शब्द कुठे बसतो, हे नुसत्या अर्थावरून कळत नाही. ते उघड करून दाखवलं बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांनी. त्यांनी लाखो शब्दांचा खराखुरा मजकूर संगणकात भरला आणि त्यावरून १९८७ मध्ये कोबिल्ड कोश काढला. ‘सेट इन’ म्हणजे सुरू होऊन ठाण मांडणं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मजकुराच्या ओळी एकाखाली एक लावल्यावर दिसलं, की ठाण मांडतं ते बहुतेक वेळा वाईटच – कुजणं, मरगळ, नैराश्य. इंग्रजीत जन्मलेल्या माणसाला ते पाळता येतं, पण विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून कोबिल्डने अर्थ पूर्ण वाक्यांत दिले. शब्द कुणाच्या संगतीत असतो, हे अर्थाबरोबरच दिसावं यासाठी.

‘राइफ’ची गोष्ट तशीच आहे. जुन्या इंग्रजीत तो विपुल, मुबलक असा निर्मळ शब्द होता. आज तो भ्रष्टाचार, अफवा, रोगराई यांच्या शेजारी बसतो, आपल्या ‘बोकाळला’सारखा. पाठिंबा मात्र ‘वाइडस्प्रेड’ असतो. एखाद्या नेत्याला असलेला पाठिंबा ‘राइफ’ आहे असं बातमीत छापून आलं, तर इंग्रज वाचक थबकेल, आणि बातमीदाराचा त्या नेत्यावर राग आहे असंच धरून चालेल.