गाडीचं पाणी बदलू या, पण जरा थांबून!

मे महिन्यात घाट चढताना तुम्ही हे दृश्य नक्की पाहिलं असेल. रस्त्याच्या कडेला गाडी उभी, बॉनेट वर केलेलं, आतून वाफा निघताहेत आणि गाडीतली मंडळी झाडाखाली बसून पेपरने वारा घेताहेत. १९९४ साली पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात अशीच एक गाडी उभी होती. ती आमची! मी तेव्हा सातवीत होतो. काटा लाल पट्ट्यात गेला म्हणून काकांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि रुमाल गुंडाळून रेडिएटरची टोपी फिरवली. "भावोजी, थांबा!" असं आई म्हणेपर्यंत टोपी उडालीसुद्धा. पाणी आणि वाफ काकांच्या हातावर आली. कोपरापर्यंत फोड आले. तो डाग आजही आहे.

पाण्याने एवढं भाजतं? तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पण कुकरचं झाकण घट्ट असतं, वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळतच नाही. रेडिएटरची टोपीही हेच करते. तिच्यात एक स्प्रिंग असते. ती आतला दाब धरून ठेवते, म्हणून १०० अंशांच्या वर गेलं तरी पाणी मुकाट राहतं. टोपी काढली की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते. ती वाफ उरलेलं पाणी बरोबर घेऊन उसळते. शिट्टी होत असताना आई कुकर उघडते का? मग!

आता हे पाणी तिथे असतंच कशाला? इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा या पाण्यातून बाहेर टाकावा लागतो. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं, वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनाकडे येतं. पहिल्या मोटारींना ही सोय नव्हती. जर्मनीत १८८८ साली बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर, गेल्या. त्या गाडीतलं पाणी वाफ होऊन उडून जायचं. त्यामुळे वाटेत मिळेल तिथून पाणी घेऊन सारखं भरावं लागलं. पुढे १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांहून जास्त नळ्या होत्या!

आमच्या गाडीत मात्र काका सरळ बोअरचं पाणी भरत. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना? तोच क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत चढला होता. त्यात गंज. हात बरा झाल्यावर काका म्हणाले, "चल, आता हे काम नीट शिकू." गाडीचं पुस्तक उघडून आम्ही अंगणात बसलो. तेव्हापासून दर दोन वर्षांनी आम्ही ते करत आलो.

तुमच्या घरी जुनी, टोपीवाली गाडी असेल तर एखाद्या रविवारी बाबांच्या किंवा आईच्या मागे लागा. (नव्या गाड्यांत रचना वेगळी असते, काहींना टोपीच नसते. आधी पुस्तक वाचा.) एकट्याने मात्र मुळीच नाही, बरं का! गाडी रात्रभर उभी असावी, म्हणजे सगळं गार असतं. चाकांना दगड लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, कारण काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

खाली परात सरकवा, वरची टोपी काढा आणि मग तळाचा नळ सैल करा. टोपी आधी का? स्ट्रॉमध्ये सरबत ओढून वरच्या तोंडावर बोट दाबा, सरबत खाली पडत नाही. बोट काढलं की पडतं. तसंच हे. आमच्या पहिल्या खेपेला परातीत चहासारखं तांबडं पाणी आलं होतं! काकांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

मग नळ बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, वायर जोडून इंजिन थोडा वेळ चालवायचं, पुन्हा पूर्ण गार होऊ द्यायचं आणि रिकामं करायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. या थांबण्यातच दुपार होते. आम्ही तेवढ्यात कॅरमचे दोन डाव उरकायचो.

आता गणित. समजा, पुस्तकात लिहिलंय की गाडीत एकूण ४ लिटर मावतं आणि निम्मं कूलंट, निम्मं पाणी हवं. तुम्ही परातीतलं मोजलं तर ते अडीच लिटरच भरलं. म्हणजे दीड लिटर पाणी इंजिनाच्या पोटातच राहिलंय. मग आता किती कूलंट ओताल? २ लिटर कूलंट आणि फक्त अर्धा लिटर पाणी! (बाजारात तयार मिश्रणही मिळतं, त्यात पाणी घालायचं नसतं. डबा वाचून घ्या.) कूलंट गंज रोखतं आणि पाणी लवकर उकळू देत नाही. लेहसारख्या ठिकाणी ते गोठूही देत नाही. तिथे नुसतं पाणी गोठून फुगलं तर इंजिनालाच तडा जातो.

पण हे कूलंट विष आहे! त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोड्याशाने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माणसालाही तेच. म्हणून परात उघडी सोडायची नाही, पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही, आणि जुनं कूलंट गटारात ओतायचं नाही. सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका. जाड डब्यात भरून वर ठळक 'विष' लिहा आणि ते कोणतं गॅरेज घेतं ते विचारून तिथे द्या.

ओतायचं ते सावकाश. अडीच लिटर काढलं आणि दोनच आत गेलं, तर उरलेल्या जागेत काय आहे? हवा! ही अडकलेली हवा इंजिनाला पाण्याइतकं थंड करू शकत नाही. म्हणून मोठ्या माणसाने हीटरचा खटका 'गरम'वर ठेवून, टोपी उघडी ठेवून गार इंजिन चालू करायचं. तुम्ही दोन पावलं लांब उभे राहा. बुडबुडे येतात. मग आतला थर्मोस्टॅट उघडतो आणि पाण्याची पातळी एकदम खाली जाते. तेव्हा उरलेलं भरायचं आणि पाणी उसळायच्या आत टोपी घट्ट लावायची. शेजारच्या बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मधे ठेवा.

रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी शाळेत जायच्या आधी तो बघा. कोरडा असेल तर काम फत्ते! हिरवा ठिपका दिसला, तर तळाचा नळ अजून थोडा आवळायचा आहे. आणि हो, इंजिन तेव्हाही गारच हवं.