ड जीवनसत्त्वाची पुडी आणि गोळाफेक

पोलीस भरतीची जाहिरात आली की चिचगड परिसरातल्या रस्त्यांवर पहाटे पाचपासून धावणारी पोरं दिसू लागतात. देवरी तालुक्यातला हा जंगलपट्टा छत्तीसगडच्या सीमेजवळचा. इथल्या घरांत धानाची शेती आहे, पण पक्क्या पगाराची आशा वर्दीवरच. शिपाईपदाची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण मिळतात. उरलेले ३० गुण १०० मीटरची धाव आणि गोळाफेक यांत वाटलेले. म्हणजे दमापेक्षा झटक्याच्या ताकदीला जास्त गुण, आणि सराव मात्र बहुतेक दमाचाच!

ही झटक्याची ताकद येते जलद आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंतून. ड जीवनसत्त्व फार कमी झालं की नेमके हेच तंतू आधी रोडावतात, असं हाडं मऊ पडलेल्या रुग्णांच्या स्नायूंच्या तपासणीत दिसलं आहे. जिना चढताना मांड्या भरून येणं, उकिडवं बसल्यावर उठताना हात टेकावा लागणं, ही त्याची नेहमीची लक्षणं.

भर उन्हाच्या मुलखात ही कमतरता कशी? त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण साधारण अकरा ते दोनच्या उन्हात भरपूर असतात. पहाटे जवळजवळ नसतातच. सावळ्या त्वचेला ऊनही जास्त वेळ लागतं. रोवणीला दिवसभर बांधीत वाकणाऱ्या बाईला ते आपोआप मिळतं. पहाटे धावून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या तिच्या मुलाला मिळेलच असं नाही.

मग पुडी घेतली की गोळा लांब जातो का? इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दहा खेळाडूंवर प्रयोग केला. ज्यांना आठ आठवडे रोज ५,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, त्यांची १० मीटरची धाव आणि उभी उडी सुधारली. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या, मोठ्या प्रयोगात मात्र रक्तातली पातळी वाढली, ताकद तशीच राहिली. दिल्लीच्या एम्समध्ये निरोगी तरुणींवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही हाताच्या पकडीत फरक पडला नाही. एकूण हिशेब असा, की कमतरता मोठी असेल तर गोळीने फायदा होऊ शकतो. पातळी ठीक असताना वरून घेतलेल्या डोसाने गोळा इंचभरही पुढे सरकत नाही.

ताकद वाढते ती स्नायूंवर हळूहळू वाढत्या भाराने. त्यासाठी जिमच हवी असं नाही. जोर, बैठका, उंच उड्या आणि अर्धवट भरलेला धानाचा कट्टा खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणं, हे आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस विश्रांती ठेवून केलं तरी चालतं. भार वाढवायचा तो आठवड्यागणिक, थोडाथोडाच. जोडीला अंडी, डाळ आणि तलावातले मासे. मासे-अंड्यांतून बी-१२ही मिळतं. भात-भाजीत ते नसतं.

थकव्याचं खापर दर वेळी ड जीवनसत्त्वावर फोडणंही चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही आढळतो. सिकलसेल असलेल्याने डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. उन्हात पाण्याविना जिवाच्या आकांताने धावणं तर सिकलसेल वाहकालाही धोक्याचं ठरू शकतं. म्हणून हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी सरावाआधीच करून घ्यावी.

रक्तातलं ड जीवनसत्त्व मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. ती जेवणानंतर किंवा दुधासोबत घ्यायची. रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होऊ शकतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. हा कोर्स आणि ताकदीचा सराव, दोन्हींना किमान दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे तपासणी मैदानी चाचणीची तारीख लागल्यावर नव्हे, अर्ज भरतानाच करायला हवी.